माती, पीठ की दाणे?



पावसाळा जवळ आला की या सदरात आम्ही दरवर्षी घराच्या डागडुजीविषयी काही ना काही लिहितो. पत्र्याची गळती, भिंतीची ओल, धान्याची साठवण हे विषय आपण पाहिले. या वेळी विषय आहे घरातले लाकूड खाणाऱ्या किड्यांचा. विषय साधा वाटेल, पण त्यापायी आमच्याच घरात काय घडले ते आधी सांगतो. मग हा विषय का निवडला, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

गेल्या वर्षीच्या जून महिन्यातली गोष्ट. आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलीला बारावीनंतर नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता. जात वैधता प्रमाणपत्रासाठी कागद जमवणे सुरू होते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आमच्या कुटुंबात तोवर कुणाचीच वैधता झालेली नव्हती. आम्ही मात्र निर्धास्त होतो. आमच्या आजोबांचा चौथी पास झाल्याचा शाळेचा दाखला घरात होता, सन १९३८ चा. घराण्यात शाळेची पायरी चढलेले ते पहिले. आजीने तो दाखला रुमालात बांधून लाकडी पेटीत ठेवला होता आणि अखेरपर्यंत जिवापाड जपला होता. आजी गेल्यावर ती पेटी आमच्याकडे आली आणि कपाटाच्या खालच्या खणात जाऊन बसली.

पुतणी म्हणाली, "काका, दाखला काढून ठेवा ना, उद्या झेरॉक्स काढते." आम्ही कपाट उघडले, पेटी ओढली. पेटी वजनाला हलकी लागली. झाकण उचलले तर बिजागरीजवळचे लाकूड भुसभुशीत होऊन हातात आले. आत माती. रुमालाच्या चिंध्या झालेल्या. दाखल्याचा डाव्या बाजूचा एक तुकडा तेवढा शिल्लक होता. त्यावर हेडमास्तरांची सही आणि अर्धा शिक्का. नाव, जात आणि सन लिहिलेला भाग वाळवीने खाल्ला होता.

आमच्या सौ. खाली बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. पुतणीने तो तुकडा वहीच्या पानात ठेवला. कुणी काही बोलले नाही.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्याआधी आम्हाला स्वतःची एक चूक कबूल करायची आहे. ही वाळवी एका रात्रीत आली नव्हती. फेब्रुवारीत कपाटामागच्या भिंतीवर मातीची एक रेघ दिसली होती. आम्हाला ते कुंभारमाशीचे घर वाटले. सौ.नी ती रेघ झाडूने पुसून काढली आणि भिंत स्वच्छ झाली म्हणून आम्ही विषय सोडून दिला. एप्रिलमध्ये कपाटाचे दार घासू लागले. आम्ही म्हटले, उन्हाने लाकूड फुगले असेल, पुढच्या रविवारी रंधा मारून घेऊ. उन्हाने लाकूड आटते, फुगत नाही, एवढाही विचार केला नाही. ऑफिसात आम्ही दुसऱ्यांच्या फायलींतली चूक बोट ठेवून दाखवतो, पण घरात खुणा समोर असून आम्हाला वाचता आल्या नाहीत.

म्हणून त्या खुणा आज क्रमाने लिहितो.

तीन शब्द ध्यानात ठेवा

घरातल्या लाकडाला लागणारे किडे मुख्यतः तीन प्रकारचे असतात. किडा सहसा डोळ्यांना दिसत नाही, कारण त्याचे काम लाकडाच्या आत चालते. पण प्रत्येक जण आपल्या मागे वेगळी खूण ठेवतो. मातीतून येणारी वाळवी माती ठेवते. लाकडात छिद्रे पाडणारा भुंगा पीठ ठेवतो. कोरड्या लाकडात राहणारी वाळवी दाणे ठेवते. केर काढताना कपाटाखाली, चौकटीखाली यातले काय सापडते ते पाहा. निम्मे निदान तिथेच होते.

माती : वाळवी

वाळवीला आपल्याकडे काही भागांत उधई म्हणतात, कुणी पांढरी मुंगी म्हणते. पण ती मुंगीच्या जातीची नाही. शास्त्रज्ञ आता तिला झुरळाच्या कुळात धरतात. तिचे घर जमिनीत असते. त्यात राजा-राणी, शिपाई आणि कामकरी अशी वाटणी असते. राणी दिवसाला हजारो अंडी घालू शकते आणि कितीतरी वर्षे जगते. लाकूड खाण्याचे काम फक्त कामकऱ्यांचे. त्यांचे अंग मऊ आणि पांढुरके. उन्हात, वाऱ्यात त्या सुकून मरतात. म्हणून जमिनीतून लाकडापर्यंत जाताना त्या माती आणि लाळ यांची नळी बांधतात आणि तिच्या आतून ये-जा करतात.

ही नळी साधारण पेन्सिलीएवढी रुंद असते. तीच पहिली खूण. ती कुठे शोधायची? भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीच्या पायाशी, मोरीच्या भिंतीच्या पाठीमागे, पाण्याच्या पाइपाजवळ, जिन्याखाली, पोटमाळ्यावर, विजेच्या पट्टीच्या कडेने. वाळवी विटा, सिमेंट, लोखंड खात नाही, पण त्यांच्यावरून चालत जाते. भेगेतून वाट काढते. म्हणून "आमचे तर लोखंडी कपाट आहे" असे म्हणून स्वस्थ बसू नका. भिंतीला चिकटलेल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या फटीतून आत शिरून तिने साड्या आणि वह्या खाल्लेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

दुसरी खूण आवाजाची. चौकटीवर, कपाटाच्या फळीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. भरीव लाकूड टणटणीत वाजते. खाल्लेले लाकूड पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे बद्द वाजते. वाळवी आतला भाग खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. आमचे कपाट पाहायला आलेले सुतारमामा म्हणाले होते, "भाऊ, रंग आहे म्हणून कपाट उभं आहे." ते खरेच होते. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो आत गेला.

तिसरी खूण रंगाची. लाकडावरचा रंग कुठे फुगला, सुरकुतला किंवा पाणी मुरल्यासारखा उचलला असेल तर तिथे बोटाने दाबून पाहा. ओल नसताना रंग फुगला असेल तर आत पोकळी असू शकते. दार किंवा खिडकी एकाएकी अडकू लागली, बिजागरीचे स्क्रू सैल होऊन पुन्हा पुन्हा निघू लागले, तर तेही तपासा.

चौथी खूण पंखांची. पावसाचे पहिले एक-दोन शिरवे येऊन गेले की संध्याकाळी दिव्याभोवती पाखरांचा थवा जमतो. सकाळी खिडकीत, ट्यूबलाइटखाली गळालेल्या पंखांचा ढीग पडतो. यातले बरेच वाळवीचे नर-मादी असतात. नवे घर वसवायला ते बाहेर पडतात आणि जमिनीवर आले की पंख टाकून देतात. पंख असलेल्या मुंग्याही याच दिवसांत निघतात. फरक असा पाहावा : वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, तर मुंगीचे पुढचे मोठे आणि मागचे लहान. मुंगीची कंबर बारीक, वाळवीची कंबर दिसतच नाही. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, वाळवीच्या सरळ.

पाखरे खिडकीतून आत आली असतील तर दिवा मालवा, खिडकी लावा, सकाळी केर काढा. घाबरू नका. पण ती घरातल्याच चौकटीच्या किंवा लादीच्या फटीतून शेकड्यांनी बाहेर पडताना दिसली, तर वाळवीचे बस्तान घराच्या आत किंवा अगदी लगत आहे असे समजा. कुठल्या फटीतून निघाली ती जागा खडूने खूण करून ठेवा. औषधवाल्याला ती उपयोगी पडते.

आता नळी दिसली तर ती जिवंत आहे की जुनी, हे कसे कळणार? पूर्ण पुसू नका. आमची चूक तीच झाली. मधला दोन बोटे भाग तेवढा तोडा आणि तारीख लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांनी पाहा. तोडलेला भाग ओल्या मातीने पुन्हा जोडला असेल तर वाळवी कामावर आहे. जोडला नसेल तरी लगेच सुटलो म्हणू नका. ती दुसरी वाटही धरते. आठ-पंधरा दिवस आजूबाजूला नजर ठेवा.

पीठ : भुंगा

काही घरांत केर काढला तरी खाटेच्या पायाशी, बांबूच्या शिडीखाली, खुर्चीखाली रोज थोडे पिवळसर पीठ पडलेले दिसते. वर लाकडाला टाचणीच्या किंवा खिळ्याच्या टोकाएवढी गोल छिद्रे दिसतात. हा भुंग्याचा प्रकार. काही ठिकाणी याला घुण लागला म्हणतात. भुंगा लाकडाच्या बारीक रंध्रांत, फटींत अंडी घालतो. अळी आतल्या आत महिनोन् महिने, कधी वर्षभर आणि त्याहून अधिक काळ लाकूड खात राहते. वाढ पुरी झाली की भुंगा छिद्र पाडून बाहेर येतो. म्हणजे आपल्याला छिद्र दिसते तेव्हा एक पिढी आपले काम उरकून गेलेली असते.

या किड्याला लाकडातले पिष्ट हवे असते. ते झाडाच्या सालीकडच्या पांढऱ्या भागात असते. सागाचा तपकिरी गाभा सहसा टिकतो, पण त्याच सागाच्या पांढऱ्या कडेला कीड लागते. आंबा, सावर अशी हलकी लाकडे आणि बांबू यांना तर लवकरच लागते. आपण स्वस्तात खाट, स्टूल, शोकेस घेतो तेव्हा वरून सागाचा रंग आणि आत पांढरे लाकूड असा प्रकार पुष्कळ असतो. घेण्याआधी वस्तू उलटी करून न रंगवलेली बाजू पाहा. छिद्रे असतील तर ती वस्तू घरात आणू नका. जुन्या बाजारातली खुर्ची स्वस्तात मिळाली म्हणून आणावी आणि तिने घरातल्या नव्या खाटेला कीड द्यावी, असे होते.

कीड जिवंत आहे का हे पाहायला जागा झाडून खाली स्वच्छ वर्तमानपत्र अंथरा. आठवड्याने कागदावर ताजे पीठ पडलेले असेल तर आत अळी आहे. छिद्राची कड नव्या लाकडासारखी उजळ असेल तर छिद्र ताजे. कड काळवंडलेली आणि कागद कोरा असेल तर प्रकरण जुने.

बांबूच्या बाबतीत आपल्या जुन्या माणसांची रीत चांगली होती. तोडलेला बांबू ते काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत आणि मग सावलीत वाळवत. पाण्याने बांबूतले पिष्ट कमी होते आणि भुंग्याचे खाणेच संपते.

दाणे : कोरड्या लाकडातली वाळवी

समुद्रकाठच्या दमट हवेत वाळवीची आणखी एक जात आढळते. तिला जमिनीची गरज नाही, मातीची नळी नाही. ती कोरड्या लाकडातच घर करते. तिची खूण म्हणजे लाकडाखाली पडलेले खसखशीसारखे टणक दाणे. ही तिची विष्ठा. भिंगातून पाहिले तर दाण्याला सहा कंगोरे दिसतात. हे दाणे बोटांत चोळले तर पिठासारखे पसरत नाहीत, रेतीसारखे लागतात. पुष्कळजण हा लाकडाचा भुसा समजून झाडून टाकतात. एखाद्याच वस्तूत असेल तर ती वस्तू घराबाहेर काढणे हा पहिला उपाय.

उगीच भिऊ नये अशा गोष्टी

गावाकडच्या घराच्या वाशाला करंगळीएवढे मोठे गोल भोक दिसते आणि भोवती मोठा काळा भुंगा गुणगुणत असतो. तो लाकूड खात नाही. अंडी घालण्यापुरते बीळ करतो आणि फुलांवर जातो. भेंडी, वांगी, तूर यांच्या फुलांना त्याचा उपयोगच आहे. बीळ रिकामे झाल्यावर बुजवून वाशाला रंग दिला की काम झाले. पुस्तकांत चंदेरी, सरसर पळणारी कसर दिसते, ती कागदाचा पृष्ठभाग आणि खळ खाते, लाकडाला काही करत नाही. आणि मोरीजवळची चौकट नुसतीच ओली, काळी पडून आडव्या-उभ्या चौकोनांत तडकत असेल तर ती बुरशीची कूज आहे. तिथे औषधाआधी गळती थांबवली पाहिजे. गळती थांबवणे वाळवीवरही उपकारक आहेच, कारण तिलाही ओल लागते.

काय करावे, काय करू नये

वाळवी दिसली की घरोघरी पहिली धाव रॉकेलकडे जाते. रॉकेल ओतल्याने समोर दिसतात तेवढ्या मरतात, वास उडाला की बाकीच्या परत येतात. शिवाय स्वयंपाकाच्या खोलीत आगीचा धोका. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला कसरीला थोडाफार आळा घालतील, वाळवी त्यांना जुमानत नाही. शेतातले औषध बाटलीत घालून आणणे आणि घरात शिंपडणे तर फारच धोक्याचे. लहान मुले जमिनीवर रांगतात, भांडी तिथेच असतात. जुन्या लोकांना गॅमेक्सीन पावडर आठवत असेल. ते बीएचसी नावाचे औषध १९९७ पासून आपल्या देशात बंद आहे, वाळवीसाठी जमिनीत ओतले जाणारे आल्ड्रिन १९९६ पासून बंद आहे. कुठे जुना डबा पडला असेल तर वापरू नका.

औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, तो पाहायची सवय लावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र नव्हे.

पोळपाट, लाटणे, रवी, मुसळ यांना कीड लागली तर कोणतेही औषध लावू नका. वस्तू लहान असेल तर उकळत्या पाण्यात चांगली बुडवून मग कडक उन्हात वाळवा. पीठ पडणे थांबले नाही तर ती बदला. खाट, स्टूल यांना उन्हाळ्यात दिवसभर कडक ऊन द्या आणि मग सर्व बाजूंनी, खालून आणि पायांच्या टोकांनासुद्धा, रंग किंवा व्हार्निश लावा. रंध्रे बुजली की भुंग्याला अंडी घालायला जागा उरत नाही.

मातीतल्या वाळवीसाठी मात्र जाणकार माणूस बोलवावा लागतो. इथेही आम्ही एकदा फसलो. पाठीवर पंप घेऊन एक गृहस्थ आले, भिंतींवर फवारा मारला, पैसे घेतले, कागद काही दिला नाही. महिन्याने नळी पुन्हा हजर. नंतर चौकशी केली तेव्हा समजले की, नुसत्या फवाऱ्याने जमिनीतल्या वाळवीचे काही होत नाही. बांधून झालेल्या घरासाठी भारतीय मानक आहे, आय.एस. ६३१३, भाग ३. त्यात भिंत आणि जमीन यांच्या सांध्यालगत साधारण एक-एक फुटावर छिद्रे पाडून औषध खालच्या मातीत मुरवायला सांगितले आहे. चौकटीच्या लाकडातही छिद्रे पाडून औषध सोडतात. म्हणून बोलावलेल्या माणसाला चार प्रश्न विचारा. कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना आहे का? औषधाचे नाव काय? छिद्रे पाडून देणार की नुसता फवारा? पुन्हा आली तर किती मुदतीपर्यंत विनामूल्य येणार? उत्तरे पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला कुरकुर करणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्या.

आणखी एक. चाळीत एका खोलीने औषध केले आणि शेजारच्या खोलीने केले नाही, तर वाळवी भिंतीपलीकडे सरकते आणि काही दिवसांनी परत येते. बैठ्या चाळीची जमीन एकच असते. आम्ही मग आठ खोल्यांची बैठक घेतली. सुरुवातीला दोघे-तिघे म्हणाले, "आमच्याकडे नाही, आम्ही कशाला वर्गणी द्यायची?" आम्ही टॉर्च घेऊन त्यांच्याच चौकटी ठोकून दाखवल्या. आठांपैकी पाच खोल्यांत नळ्या निघाल्या. मग वर्गणी जमली. घाऊक काम म्हणून दरही उतरला आणि हिशेब आम्ही फळ्यावर लावला.

मुंबईत जुन्या, लाकडी तुळयांच्या इमारतींत राहणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. तिथे वाळवी आणि कूज यांचा प्रश्न जिवाशी येतो. तुळईचे भिंतीत गेलेले टोक दिसत नाही आणि तेच आधी जाते. तक्तपोशी एका बाजूला खचली, चालताना हादरू लागली, छतातून माती गळू लागली, जिन्याची पायरी दबू लागली, तर रंग मारून झाकू नका. शहर विभागातल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आहे. सर्व भाडेकरूंच्या सह्यांचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले कुठेच नोंदले जात नाही, हे आम्ही टेबलाच्या पलीकडल्या बाजूने सांगतो आहोत.

महिन्यातला एक अर्धा तास

आमच्या घरात आता एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पुतणी टॉर्च धरते, आम्ही स्क्रू-ड्रायव्हरने ठोकतो, सौ. कपाटाखालचा कागद बदलतात. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले आहे आणि त्याच्या पायांखाली उंचवटा दिला आहे. भिंतीवरच्या तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीही उतरवून मागून पाहतो. तसबिरीची पाठ प्लायची किंवा पुठ्ठ्याची असते, भिंतीला टेकलेली असते, आणि तिथे वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही. आपल्या विहारांतली पुस्तकांची कपाटेही अशीच तपासावीत. शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड कितीतरी विहारांनी घेऊन ठेवले आहेत. कपाटाला कुलूप आहे म्हणून ते सुरक्षित आहेत असे समजू नका. कुलूप माणसांसाठी असते. ते उघडा, पुस्तके हाताळा, वाचायला द्या. जे पुस्तक महिन्यातून एकदा हातात येते त्याला वाळवी लागली तर महिन्याच्या आत कळते.

आणि कागद. आजी-आजोबांचे दाखले, जन्माचे उतारे, भाडेपावत्या, जुनी रेशनकार्डे आज घरातून काढा. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, त्यातला एक संच दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवा. मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून घरातल्या तिघांकडे पाठवा. मूळ कागद झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवा. झेरॉक्स मूळ कागदाची जागा घेत नाही, पण मूळ कागद कुठल्या शाळेत, कुठल्या वर्षी, कितव्या नंबरावर नोंदला आहे एवढे तिच्यावरून कळते. आमच्याकडे तेवढेही नव्हते.

आता राहिलेली हकीकत. आम्ही आणि बंधू गावी गेलो, सातारा जिल्ह्यात. शाळेच्या हेडबाईंना तो तुकडा दाखवला. त्यांनी लोखंडी कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढले. पाने पिवळी, कडा फाटलेल्या, पण अक्षर शाबूत. सन माहीत होता, महिना नव्हता. तिघांनी मिळून पान पान चाळले. दुपारी अडीच वाजता आजोबांचे नाव सापडले. शाळेत आले त्या दिवशीचे त्यांचे वय, जात, गाव, सगळे नीट लिहिलेले. बंधूंनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि काही वेळ तसेच ठेवले. नक्कल मिळाली, आमच्या पाच रजा गेल्या, दोन वेळा गाडीभाडे गेले, आणि वैधता मुदत संपायच्या आठवड्यात हाती आली. पुतणी आता पहिल्या वर्षाला आहे.

निघताना आम्ही हेडबाईंना विचारले, एवढे जुने रजिस्टर कसे टिकले? त्या म्हणाल्या, "दर मे महिन्यात सगळी रजिस्टरं बाहेर काढतो, झटकतो, उन्हं दाखवतो. आधीचे गुरुजी करायचे, म्हणून मीही करते."

वाचक बंधू-भगिनींनो, आजचा अंक वाचून झाला की तो बाजूला ठेवा आणि कपाट भिंतीपासून ओढा. मागे माती आहे, खाली पीठ आहे, की दाणे आहेत, ते पाहा. काहीच नसेल तर बरेच झाले. पण पाहा. आपल्या घरात काय निघाले ते आम्हाला पोस्टकार्डाने जरूर कळवा.

पुढील अंकी भेटूच. जयभीम!